तिसऱ्या कपाटातला ब्राउझर

४ ऑगस्ट

प्रिय आत्या,

आधी काम सांगते, तब्येतीची चौकशी शेवटी.

आमच्या ऑफिसात नवं खूळ निघालंय. आम्ही आठ जण दिवसभर लोकांच्या वेबसाइट निरनिराळ्या ब्राउझरमध्ये उघडतो आणि कुठे काय मोडतंय ते शोधतो. तुझ्या भाषेत, दुसऱ्याच्या कामात खोट काढायचा पगार घेतो. आता आमच्या मुख्य बाईंच्या डोक्यात आलंय की प्रत्येकाने अर्धं पान लिहायचं, ‘माझा आवडता ब्राउझर आणि तो का’. ती पानं जेवणाच्या खोलीत भिंतीवर लावणार आहेत. शाळेत ‘माझा आवडता प्राणी’ लिहायला लावायचे ना, तसंच.

सगळे वेगाबद्दल लिहिणार. मी खरं कारण लिहिलं. मला निळ्या चिन्हाचा आवडतो, कारण त्यात कुठलाही आवाज सुरू झाला की बोललेलं खाली लिहून येतं. चार वर्षांची असताना तापात माझा डावा कान गेला आणि उजवा निम्मा उरला, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याचा ब्राउझरशी काही संबंध असेल हे कोणाच्या डोक्यात येत नाही. मीटिंगमध्ये सगळे एकदम बोलायला लागले की मी पडद्याकडे बघत बसते. तिथे निम्मं चुकीचं येतं, पण येतं तरी.

हे आईला लिहून पाठवलं. तिचं उत्तर तुला पाठ असेल. ‘मी तुला एक दिवस आधी दवाखान्यात नेलं असतं तर.’ अठ्ठावीस वर्षं झाली तरी तिचं ते वाक्य संपत नाही. एवढंसं कौतुक करायला सांगितलं तर डोळे पुसत बसते.

आता तुझं अर्धं पान दे. मागच्या खेपेला तुझ्या कॉम्प्युटरवर मला तीन ब्राउझर दिसले. साठीच्या बाईला तीन कशाला लागतात? मी पोटासाठी सात वापरते, पण तुझं काय? आणि फोनवर सांगायचं नाही. फोनवर मला अर्धं कळतं आणि उरलेलं मी अंदाजाने हो म्हणते. खरं बोलणं कागदावर, हा आपला माझ्या हॉस्टेलपासूनचा ठराव आहे.

तब्येत कशी आहे?

तुझी,
भिंगरी


११ ऑगस्ट

चि. भिंगरी,

तब्येत उत्तम. गुडघा सोडून.

तुझं अर्धं पान खालीलप्रमाणे. शुद्धलेखन तपासून मगच भिंतीवर लाव.

मी चौतीस वर्षं एका मोठ्या दवाखान्यात औषधं दिली. त्यातली शेवटची सत्तावीस माझी तीन कपाटं होती. पहिलं रोजचं: खोकला, ताप, मलम. दुसरं मोजून द्यायचं. तिसरं कुलपाचं, ज्याची किल्ली माझ्या कमरेला असे आणि जे उघडताना लेबल मोठ्याने वाचायचं असा माझा नियम होता. नव्या मुली हसायच्या. पुढे दवाखान्याने तोच नियम सगळ्या मजल्यांवर लावला. निवृत्त झाले तेव्हा मला तीन दारांचं लाकडी कपाट भेट मिळालं, वीतभर उंचीचं. त्यात मी सुया ठेवते.

ब्राउझरचंही तेच. निळा रोजचा: बातम्या, हवामान, विणकामाचे नमुने. केशरी मोजून द्यायचा: बँक आणि विजेचं बिल. करडा कुलपाचा. त्यात काय आहे ते त्याला आणि मला ठाऊक.

आवडता कुठला म्हणशील, तर कपाटात आवडतं नावडतं नसतं. जे चुकीच्या ठिकाणी हात जाऊ देत नाही ते चांगलं.

आत्या

ता. क. वहिनीला असं काही लिहून पाठवत जाऊ नकोस. ती दोन दिवस शिवणाच्या मशीनवर नुसती बसून होती.


२ सप्टेंबर

प्रिय आत्या,

तुमच्याकडून परत पोचले. तुझं अर्धं पान भिंतीवर माझ्या पानापेक्षा वर लागलंय. शेवटचं वाक्य आमच्या मुख्य बाईंनी वहीत उतरवून घेतलं. मी जरा फुगून बसले आहे.

आता एक कबुली. शनिवारी तू दूध आणायला गेलीस त्या वीस मिनिटांत मी तुझा कॉम्प्युटर आवरला. तिथेच सांगितलं असतं तर तू माझा हात धरला असतास, म्हणून इथून सांगते. बाकीच्या ब्राउझरमधलं सगळं निळ्यात ओढून आणायचं एक बटण असतं. ते दाबलं. खुणा करून ठेवलेली पानं, आधी शोधलेलं, सगळं एका जागी आलं. मग केशरी आणि करडा काढून टाकले. आता तुझ्याकडे एकच कपाट आहे, पण मोठं. तुझं खातं नव्हतं, आणि पासवर्ड तू कागदावर लिहून चहाच्या डब्याला चिकटवला असतास, म्हणून माझ्याच खात्याने चालू करून दिलं. करड्यात डोकावले नाही. शपथ.

रविवारी आईकडे जेवायला मजा आली. फक्त तू नेहमीसारखी माझ्या डावीकडे येऊन बसलीस. जिथून मला एक शब्द कळत नाही. बाकी सगळी माणसं माझ्या उजव्या बाजूसाठी धक्काबुक्की करतात आणि तू लहानपणापासून बरोबर उलटी. आई म्हणते, तुझ्या आत्याला बोलायचंच नसतं, म्हणून. तुझा स्वभावच घुमा, त्याला कोण काय करणार.

भिंगरी


५ सप्टेंबर

भिंगरी,

तुझं पत्र सकाळी आलं. उभ्यानेच वाचलं आणि चष्मा तिथेच विसरून कॉम्प्युटरपाशी गेले. करडं चिन्ह होतं तिथे आता मागचं निळं चित्र दिसतं. मी त्या जागेवर चार वेळा क्लिक केलं. काही होत नाही.

मी तुझ्यावर आजवर कधी रागावले असेन तर आठवून सांग. तू माझी परीक्षानळी फोडलीस तेव्हा नाही, दहावीत गणितात नापास झालीस तेव्हा नाही. आज रागावले आहे. मी तुला तीन कपाटांचं कारण लिहून दिलं होतं. तू ते भिंतीवर लावलंस आणि इकडे येऊन कपाटं फोडलीस.

मला तीन गोष्टी उलट टपाली कळव. करडा परत येतो का. ‘सगळं ओढून आणलं’ म्हणजे किती वर्षं मागचं. आणि तुझ्या खात्याने चालू केलं याचा अर्थ काय. मला तो अर्थ लागतो आहे तसाच असेल तर ताबडतोब सांग.



आत्या


१४ सप्टेंबर

प्रिय आत्या,

माझं चुकलं. अगोदर हे.

उत्तराला उशीर झाला कारण तुझं पत्र आलं त्याच दिवशी एक प्रकार घडला आणि मला कळेना की लिहू कसं.

मीटिंग होती. मोठ्या पडद्यावर माझा ब्राउझर उघडा होता, आणि आठही जण समोर. मला कामाची यादी उघडायची होती म्हणून मी ‘का’ एवढं टाइप केलं. खाली आपोआप एक ओळ आली: ‘कान गेल्यावर परत येतो का’. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि दुसऱ्या क्षणी सगळे छताकडे. मी हसून वेळ मारून नेली. पण आत्या, मी हे कधीच शोधलेलं नाही. माझा कान परत येत नाही हे मला पाचव्या वर्षापासून माहीत आहे.

मग तुझा तिसरा प्रश्न आठवला. तुला लागला तोच अर्थ आहे. माझं खातं असल्यामुळे तू जे शोधलंस ते माझ्याकडेही उमटतं. मला हे कळायला हवं होतं, माझं तर कामच ते आहे. आणखी दोन ओळी नजरेला पडल्या: ‘एका कानाचा बहिरेपणा नवीन उपाय’, ‘कानातली नस पुन्हा जिवंत होते का’. तिथेच थांबले, पुढे उघडलं नाही.

किती दिवस झाले तुला कमी ऐकू येतंय? आणि मला सांगायची लाज कसली वाटली? या बाबतीत घरात माझ्याएवढी तयार बाई आहे का कोणी? तू कुलपात ठेवलंस आणि मी मूर्खासारखं कुलूप तोडलं, म्हणून तू चिडलीस. आता सगळं समजलं.

आईला लिहिलं आहे. ती तुला कानाच्या डॉक्टरकडे नेईल. नाही म्हणायचं नाही.

तुझी,
भिंगरी


१९ सप्टेंबर

चि. भिंगरी,

तुझा अंदाज बरोबर आहे. जरा कमी येतं. वयाचं असेल. काळजीचं कारण नाही.

वहिनीला कशाला मध्ये घेतलंस? तिला आधीच कानाचं नाव काढलं की कापरं भरतं. डॉक्टरकडे माझी मी जाईन, घाई नाही.

आणि पुढे काही उघडू नकोस. म्हाताऱ्या बाईच्या शोधाशोधीत बघण्यासारखं काय असणार? तू शपथ घेतली आहेस.

मागच्या पत्रात जास्त बोलले, मनावर घेऊ नकोस.

आत्या


६ ऑक्टोबर

आत्या,

आईचं पत्र आलं. ती तुला ओढत डॉक्टरकडे घेऊन गेली. हेडफोन लावून अर्धा तास तपासलं आणि डॉक्टर म्हणाले, बाई, तुमचे कान विशीतल्या मुलीचे आहेत. आई लिहिते की तुम्ही दोघी परत येताना रस्ताभर ती हसत होती आणि तू नाही.

मग मी शपथ मोडली. कालचा अख्खा दिवस सुट्टी घेऊन करड्यातलं वाचलं.

तू पानांवर खुणा करतानाही लेबलं लावतेस. औषधाच्या बाटलीवर लावायचीस तशीच. सगळ्यात जुनी खूण नऊ वर्षांपूर्वीची आहे. तिच्यावर तू लिहिलंयस: ‘वय ४. वजन १४. डोस अडीचपट. दिवस ५. डावा पूर्ण, उजवा निम्मा.’

आई नेहमी सांगते की ताप यायच्या आधी मी चौदा किलोची होते आणि उठले तेव्हा अकराची.

मी ते लेबल दहा वेळा वाचलं. मग उठून तोंडावर पाणी मारलं आणि परत वाचलं. माझं काहीतरी चुकतंय असं मला अजूनही वाटतंय. माझं चुकत असेल तर बरं.

ही मुलगी कोण आहे? एका ओळीत लिही.


२९ ऑक्टोबर

भिंगरी,

तीन आठवडे रोज सकाळी कागद घेऊन बसते आणि दुपारी तो फाडते. तू एक ओळ मागितलीस. ती मुलगी तू आहेस.

आता बाकीचं. फाडून टाकण्याआधी एकदा पूर्ण वाच.

ताप खरा होता. तो आल्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनीने तुला आमच्या दवाखान्यात आणलं. एकही खाट रिकामी नव्हती. डॉक्टरांनी पाच दिवसांची इंजेक्शनं लिहून दिली आणि म्हणाले, घरात फार्मासिस्ट आहे, मग घरीच द्या. मी तेव्हा तुमच्याकडेच राहायचे, मागच्या खोलीत. औषध मी काढून आणलं आणि मीच टोचलं.

त्या औषधाच्या दोन तऱ्हेच्या बाटल्या आमच्याकडे एकाच फळीवर असत. एक लहान मुलांची, एक मोठ्यांची. उंची तीच, झाकण तेच, लेबलावरचा आकडा तेवढा वेगळा. सात वर्षं मी त्या फळीवर हात घालत होते. हाताला जागा पाठ झाली होती आणि मला त्याचा अभिमान होता. बाकीच्या वाचत बसायच्या, मी न बघता काढायचे. त्या दिवशीही बघितलं नाही. पाच दिवस, दिवसातून दोनदा, मी तुला मोठ्यांच्या बाटलीतून दिलं. तू रडायचीस आणि मी तुला म्हणायचे, आत्याचा हात हलका आहे.

ते औषध जास्त झालं की कान जातो. हे मला परीक्षेत आलं होतं. पूर्ण मार्क मिळाले होते.

सहाव्या दिवशी ताप उतरला. तू जमिनीवर बसून ठोकळे लावत होतीस. वहिनीने मागून हाक मारली, तू वळली नाहीस. ती म्हणाली, बघा कशी रमलीय. मी तेव्हा कचऱ्याचा डबा रिकामा करत होते. रिकाम्या बाटल्या हाताला लागल्या आणि मी पहिल्यांदा लेबल वाचलं. खाली बसले. वहिनीला वाटलं दगदगीने चक्कर आली. तिने मला साखरपाणी दिलं.

पुढच्या आठवड्यात तुला घेऊन आम्ही तिघं दवाखान्यात गेलो, दादा, वहिनी आणि मी. डॉक्टर म्हणाले, ताप डोक्यापर्यंत गेला असावा. वहिनीने विचारलं, एक दिवस आधी आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मी तिच्या शेजारी उभी होते. मला सांगता येत होतं. मी तोंड उघडलं नाही. आधी नोकरीची भीती, मग दादाची, मग एकेक वर्ष जात गेलं तसं गेलेल्या वर्षांचीच भीती. दादा गेला तेव्हा वाटलं, निदान एकाला तरी आता सांगावं लागणार नाही. मी या थराला आले होते.

तीन कपाटं मी त्यानंतर वर्षभरात केली. लोकांनी त्याबद्दल मला शाल दिली, भाषणं केली. तुझ्या ऑफिसच्या भिंतीवर जे वाक्य लागलंय ते त्यातूनच आलं. त्या दिवशी तू ते वर लावल्याचं वाचलं आणि मला जेवण गेलं नाही.

तुझ्या डावीकडे मी का बसते हेही सांगते, कारण वहिनीने काढलेलं कारण खरं नाही. शाळेत जायच्या आधी मी तुझी वेणी घालायचे. तेव्हा रोज तुझ्या डाव्या कानाशी तोंड नेऊन मी सगळं सांगायचे, बाटलीवरच्या आकड्यासकट. पाच वर्षं, तू हॉस्टेलला जाईपर्यंत. तिथे सांगितलं की सांगितल्यासारखं होई आणि कोणाला कळत नसे. ती सवय सुटली नाही. मागच्या खेपेला तू आलीस तेव्हा जेवतानाही मी तेच म्हणत होते.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं होतं. त्याने सगळी यादी पुसायचं बटण दाखवलं आणि तुझं खातं काढायचंही. हे तुझं सहा तारखेचं पत्र यायच्या आधी. मी ते बटण दाबलं नाही. का नाही दाबलं ते मला नीटसं कळत नाही. कंटाळले असेन.

माफ कर असं लिहिणार होते. ते लिहायचा हक्क मला आहे असं वाटत नाही.

आत्या


३ नोव्हेंबर

आत्या,

वाचलं. पूर्ण वाचलं, फाडलं नाही.

मला तुझा डाव्या गालावरचा गरम श्वास आठवतो. मला वाटायचं तू गाणं म्हणतेस. मी शाळेत मुलींना सांगायचे की माझी आत्या गाणं म्हणत वेणी घालते. त्या विचारायच्या, कुठलं? मी काहीतरी ठोकून द्यायचे.

काल ऑफिसात गेले आणि तुझं पान भिंतीवरून काढून टेबलाच्या खणात टाकलं. कोणी विचारलं नाही.

बाटलीचं म्हणशील तर मी दिवसाला पन्नास चुका शोधते. न बघता हात घालणं म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. मी तुझ्या कॉम्प्युटरवर नुकतंच तेच करून आले. तुझी ती चूक मी माफ करेन की नाही, मला अजून माहीत नाही. कान माझा होता, तेव्हा ते माझं मी बघेन. कदाचित वेळ लागेल. कदाचित नाही जमणार.

पण आईचं काय? तू दर रविवारी तिच्या हातचं जेवलीस. तिने एक दिवस आधी नेलं असतं तर, हे तिने तुझ्यासमोर किती हजार वेळा म्हटलं असेल? आणि दर वेळी तू भाजी वाढून घेतलीस. आईने दुसरं मूल होऊ दिलं नाही, तुला माहीत आहे? मला म्हणाली होती, ज्या बाईला एक धड सांभाळता आलं नाही तिने दुसरं कशाला मागावं. माझा कान पाच दिवसांत गेला, आत्या. तिचं तू अठ्ठावीस वर्षं रोज थोडं थोडं घेतलंस. तो डोस कोणी मोजला?

तिला तू सांगायचंस. मी सांगणार नाही. पत्राने नाही, तिच्यासमोर बसून, तिला ऐकू येतं त्या कानाशी. तिचे दोन्ही कान चांगले आहेत.

तू सांगेपर्यंत मी तिला पत्र लिहिणार नाही. लिहायला बसले तर लपवता येणार नाही.

भिंगरी


१८ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

तुझं पत्र नाही म्हणून मी काळजीत होते. आता कारण कळलं. मला एवढं मोठं पत्र लिहायची सवय नाही, तुझ्या आत्यासारखं अक्षरही नाही. समजून घे.

मंगळवारी दुपारी वन्सं आल्या. रविवार नसताना त्या कधी येत नाहीत. मी मशीनवर एका पँटची चेन बसवत होते. म्हटलं, बसा, एवढं झालं की चहा टाकते. त्या स्टुलावर बसल्या आणि सांगायला लागल्या. मी मशीन थांबवलं नाही. थांबवलं असतं तर त्या गप्प झाल्या असत्या असं वाटलं. चेन पूर्ण बसवली. ती उलटी बसली हे गिऱ्हाइकाने दुसऱ्या दिवशी दाखवलं.

त्यांचं सांगून झालं. त्या रडत नव्हत्या, मीही नाही. मी एवढंच विचारलं, म्हणजे मी उशीर केला नव्हता? त्या म्हणाल्या, नाही वहिनी. तुम्ही अगदी वेळेवर आणलं होतं. मी परत विचारलं. त्यांनी परत सांगितलं. मी पाच-सहा वेळा विचारलं असेन, बाळ. दर वेळी त्यांनी पूर्ण वाक्य म्हटलं.

मग मी म्हटलं, आता जा. त्या गेल्या. छत्री इथेच राहिली.

मी भर दुपारी अंथरूण घालून झोपले. मी दिवसा कधी झोपते का? उठले तर दिवे लागले होते. उठल्यावर पहिल्यांदा तेच मनात आलं, एक दिवस आधी नेलं असतं तर. इतक्या वर्षांची सवय. मग आठवलं की तो दिवस नव्हताच. मी नसलेल्या दिवसाचा हिशेब देत होते. तुझे बाबाही तसेच गेले. ते कधी बोलले नाहीत, पण माझी चूक आहे असं धरूनच गेले असतील. ते मला सगळ्यात जास्त लागलंय.

रविवारी वन्संचं ताट मांडलं नाही. परवाच्या रविवारीही मांडणार नाही. राग आहे की दुसरं काही, मला सांगता येत नाही. हात मात्र काम करताना मध्येच थांबतात. त्यांची छत्री कोपऱ्यात आहे, तिच्याकडे बघते आणि पुन्हा शिवायला लागते.

तू जेवतेस ना नीट?

आई


४ डिसेंबर

प्रिय आत्या,

गेल्या आठवड्यात एका सकाळी ऑफिसात मी हवामान बघायला एक अक्षर टाइप केलं आणि खाली तुझी ओळ आली. तू आदल्या संध्याकाळी विचारलेलं: ‘वहिनीने बोलावलं नाही तर आपण जावं का’. त्याच्या खाली त्याच्याही आधीचं: ‘विसरलेली छत्री आणायला जाणं बरं दिसतं का’.

तुला माहीत आहे की मला हे दिसतं. माझं खातं काढायचं बटणही तुला माहीत आहे. तरी तू तिथेच विचारतेस. म्हणजे तू मलाच विचारते आहेस, फक्त परत डावीकडून. तशी मला तुझी खोड आता कळायला लागली आहे.

त्या ब्राउझरला यातलं काही माहीत नाही. त्याने तुला छत्र्यांची दुकानं दाखवली असतील. म्हणून मी आईला विचारलं. चार ओळींचं पत्र टाकलं. तिचं उत्तर दोन ओळींचं आलं: ‘येत्या रविवारी तू येणार असशील तर तीन ताटं मांडीन. मी त्यांच्याशी बोलेन असं नाही.’ दोनदा वाचलं. आईला ओळखतेस ना तू? हे पुष्कळ आहे.

तुझं पान खणातून काढून काल परत भिंतीवर लावलं. पण माझ्या पानाच्या खाली. मुख्य बाईंनी कारण विचारलं, मी म्हटलं, घरचा मामला आहे.

मला अजून राग आहे. मध्येच येतो, दात घासताना, जिना चढताना. एकदा बसमध्ये इतका आला की माझा थांबा मागे पडला. मग वेणी आठवते आणि मला कळत नाही की त्या आठवणीचं आता करायचं काय. ती मला आवडायची. लहानपणातलं माझं तेवढंच गाणं होतं.

रविवारी ये. छत्री न्यायला येतेय असं सांग, हवं तर. आणि जेवताना माझ्या उजवीकडे बस. तिथे आई बसते, पण मी तिला सरकायला सांगेन. वेणी घालताना सांगायचीस ते सगळं पहिल्यापासून सांग, आकड्यासकट, आई ऐकत असताना. घाई करू नकोस. त्या कानाला निम्मंच कळतं, राहिलेलं मी परत परत विचारीन.

तुझी,
भिंगरी